बाथरूमचा उंबरठा

आमच्या बाथरूमला साडेसहा इंचांचा उंबरठा होता. हा आकडा मला पाठ आहे, कारण गेल्या वर्षी मी तो तीनदा मोजला. एकदा माझ्या समाधानासाठी, एकदा फिजिओथेरपीवाल्या बाईंना फोनवर सांगायला आणि एकदा निव्वळ रागाने. त्याआधी पस्तीस वर्षं मी तो रोज ओलांडत होते आणि तो तिथे आहे हे कधी ध्यानातही आलं नव्हतं. आपले पाय धड असले की घरातल्या बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत.

तो उंबरठा बाबांनी बांधलेला. बाबा मिस्त्री. नागपूरच्या उत्तरेकडच्या ज्या ले-आउटमध्ये आम्ही राहतो, तिथलं आमचं घर त्यांनी रविवारी-रविवारी बांधलं. बाकीचे सहा दिवस ते लोकांची घरं बांधत. बाथरूममध्ये त्यांचा हात खास बसलेला होता. काम संपलं की ते फरशीवर दोन बादल्या पाणी एकदम ओतायचे आणि हाताची घडी घालून दारात उभे राहायचे. सगळं पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे गेलं पाहिजे, दाराबाहेर एक थेंब येता कामा नये. आला तर मिस्त्री कच्चा, एवढं साधं त्यांचं मोजमाप होतं. ज्या बंगल्यांतल्या बाथरूम त्यांनी बांधल्या, त्यांतल्या काही ठिकाणी हात धुवायला त्यांना अंगणातला नळ दाखवला जायचा. हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. त्या नळाखालच्या फरशीचा उतार कसा चुकला होता हे सांगताना ते मध्ये येऊन जायचं.

लकवा आला तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. उजवी बाजू गेली. रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्यात त्यांना ठेवलं, त्याच्या मागच्याच गल्लीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते, त्यामुळे सगळं सोयीचं झालं. ‘सोयीचं’ हा शब्द मी त्या दिवसांत फार वापरत होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मला भाऊ-बहीण नाही आणि लग्न मी केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. घरात आम्ही दोघंच. बाबांची वाचा सुदैवाने शाबूत राहिली, पण तिचा उपयोग ते आधीही फारसा करत नव्हते.

पहिले दोन महिने सकाळी एक माणूस यायचा. तो बाबांना उचलून आत न्यायचा, आंघोळ घालायचा, कपडे चढवायचा आणि जायचा. मग त्याला दुसरीकडे दिवसभराचं काम मिळालं. मी दुसरा माणूस शोधला. बाया मिळत होत्या, पुरुष मिळत नव्हता, आणि परक्या बाईचं नाव काढताच बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. शेवटी ते काम माझ्याकडे आलं.

पद्धत अशी होती. मी आधी उंबरठ्याच्या आत जायची आणि बाबांना काखेत धरायची. ते डावा पाय आत टाकायचे. उजवा पाय बाहेरच राहायचा, तो मी वाकून हाताने उचलून आत घ्यायची. त्या दोन-तीन क्षणांत त्यांचा सगळा भार माझ्या मानेवर असायचा. मग स्टूल, बादली, मग्गा. बाबा अंगावर चड्डी ठेवायचे आणि पहिल्या मग्ग्यापासून शेवटच्या मग्ग्यापर्यंत डोळे घट्ट मिटून घ्यायचे.

लॅबमध्ये मी दिवसाला चाळीसेक अनोळखी माणसांचे दंड धरते. म्हातारे, पोरसवदा, घाबरलेले, सुईकडे टक लावून बघणारे. एक नजर असते, ती लावली की समोरचं माणूस दिसत नाही, फक्त शीर दिसते. बाबांच्या पाठीला साबण लावताना मी तीच नजर लावली. मला ती जमली. बाबांना जमली नाही. आंघोळ झाली की ते संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलत नसत. रागावलेले नसायचे. लाज वाटायची त्यांना.

हळूहळू ते टाळायला लागले. आज थंडी आहे. काल तं केली. आज पाय दुखून राहिला. आठवड्यात दोन आंघोळी व्हायला लागल्या. हाच माणूस कामावरून आला की पाण्याचा घोटही न घेता आधी आंघोळीला जायचा, कारण सिमेंट अंगावर राहिलं की कातडी खाते. आता तो तीन-तीन दिवस तसाच खाटेवर बसून पेपर वाचायचा आणि केसांना वास यायचा. बिनआंघोळीचे बाबा मला बघवत नव्हते आणि आंघोळ घातलेले बाबा त्याहून बघवत नव्हते.

फिजिओथेरपीवाल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मलाच झापलं. बाबा चार पायांच्या काठीने खोलीभर चालतात, डावा हात चांगला आहे, स्टुलावर बसता येतं, मग आंघोळ तुम्ही का घालता, असं त्यांनी विचारलं. मी उंबरठ्याचं सांगितलं. त्यांनी उंची विचारली आणि म्हणाल्या, एवढा पाय त्यांना आता कधीच उचलता येणार नाही, उंबरठा काढा. खोली आणि बाथरूम एका पातळीत आणा, भिंतीला धरायला दांडे बसवा, हाताने धरायचा शॉवर लावा आणि आतली कडी तेवढी काढून टाका. उन्हाळा लागायच्या आत करा असंही म्हणाल्या. नागपूरच्या मे महिन्यात दिवसातून दोनदा आंघोळ लागते, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

मी घरी येऊन सरळ विषय काढला.

“बाथरूमचा उंबरठा तोडायचा आहे, बाबा.”

“काहून?”

“तो असला तं तुम्हाले आत जाता येत नाही म्हणून.”

“पाणी बाहेर येईन.”

“नाही येत. मागं उतार देऊ. तुम्ही एकट्यानं आंघोळ करसान.”

बाबा पेपरची घडी घालत होते. डाव्या हाताने घडी नीट बसत नव्हती आणि मी मदत केलेली त्यांना चालत नव्हती.

“एकट्यानं?” त्यांनी विचारलं.

“एकट्यानं. दार लावून.”

“मंग तोड,” ते म्हणाले.

मिस्त्रीला फोन त्यांनी स्वतःच केला. हा माणूस बाबांच्याच हाताखाली काम शिकला. आता तो पन्नाशीचा आहे, त्याची स्वतःची माणसं आहेत, पण बाबांसमोर अजून खुर्चीवर बसत नाही आणि त्यांना उस्ताद म्हणतो. मी कागदावर आकृती काढून ठेवली होती. आतली फरशी खोलीपेक्षा खोल होती. ती भरून दाराशी खोलीच्या बरोबरीत आणायची आणि तिथून मागच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे उतरवत न्यायची. मिस्त्रीने कागद बघितला, मग बाबांकडे बघितलं.

“उस्ताद, कसं करू जी?”

“ती म्हणते तसं कर,” बाबा म्हणाले.

मी त्या वाक्यावर विसंबले, ही माझी चूक.

काम चार दिवस चाललं. बाबांनी खुर्ची बाथरूमच्या दारासमोर मांडून घेतली. उंबरठ्यावर पहिला घाव पडला तेव्हा ते खिडकीकडे बघत होते. चार-पाच घाव बसले, फक्त कपचे उडाले. तेव्हा खिडकीकडेच बघत म्हणाले, “वरून नाही फुटत गा तो. खालून घे. मी बांधला आहे.” मिस्त्रीने खालून घेतलं आणि उंबरठा दोन तुकड्यांत निघाला. मग रेती आली. कुठच्या नदीची, असं बाबांनी विचारलं. कन्हानचीच जी, मिस्त्री म्हणाला. बाबांनी मूठभर मागून घेतली, तळव्यावर अंगठ्याने चोळली आणि माती आहे हिच्यात, चाळून घे, म्हणाले. त्याने मुकाट्याने चाळली. मला बरं वाटत होतं. बाबा इतकं बोलले नव्हते कितीतरी दिवसांत. मी सकाळी सातला लॅबमध्ये जायची, तीनला परत यायची, आणि दोघांचा संवाद तसाच चालू असायचा.

चौथ्या दिवशी परत आले तर मिस्त्री अवजारं धूत होता. फरशी झाली होती, खरखरीत टाइल, पाय न घसरणारी. दांडे बसले होते, शॉवर लागला होता. आणि दाराखाली, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी बसवलेली होती. चांगली घासून, कडा गोल करून. दोन इंच उंच.

“हे काय आहे, भाऊ?”

मिस्त्री धुतलेली थापी पुन्हा धुवायला लागला. “पट्टी आहे ताई.”

“ते दिसून राहिलं मले. काहून लावली?”

“उस्तादनं सांगतलं,” तो म्हणाला. “मी त्याहिले नाही म्हणू काय?”

मी बाबांकडे वळले. ते तयारीतच बसले होते. “बिना पट्टीची बाथरूम नसते,” ते म्हणाले. “पाणी खोलीत येते. मिस्त्रीच्या घरी पाणी बाहेर आलं तं लोक काय म्हणतीन?”

“लोक काय आंघोळीले येऊन राहिले काय आपल्या घरी?”

बाबांनी पेपर उघडला. मिस्त्री मात्र खाली मान घालून हसला आणि लगेच गंभीर झाला. निघताना त्याने मला अंगणात गाठून सांगितलं की उस्तादची नजर चुकवून तो पट्टी काढू शकत नाही. पण मी फोन केला तर उस्तादशी मी आधी बोलले आहे असं धरून तो येईल. टाइल बसायला पाच दिवस पाणी टाकू नका, असंही सांगून गेला.

त्या पाच दिवसांत मी फोन केला नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. वेळ नव्हता असं नाही, सुचलं नाही असंही नाही. साडेसहा इंच काढायला एवढा धुराळा खाल्ला, आणि ज्याच्यासाठी काढले त्यानेच त्यातले दोन परत बसवले, याचा मला संताप आला होता. जाऊ देत आत, म्हटलं. कळेल.

सहाव्या दिवशी सकाळी बाबा तयार झाले. खांद्यावर टॉवेल, डाव्या हातात काठी. मी मागे हाताची घडी घालून उभी राहिले. त्यांनी काठी आत टेकवली, डावा पाय पट्टीपलीकडे टाकला, आणि उजवा ओढत आणला. अंगठा पट्टीवर आपटला. काठी सुटली, बाबा पुढे झुकले, आणि त्यांचा डावा हात दांड्यावर पडला. दांडा हलला नाही. त्यांच्या शिष्याने तो पक्का बसवला होता, नाहीतर हे लिखाण वेगळं झालं असतं.

मी त्यांना धरून स्टुलावर बसवलं. अंगठ्याचं नख उलटं झालं होतं. रक्त बघून मला काही होत नाही, तो माझा रोजचा धंदा आहे. त्या दिवशी झालं. बाबांच्या पायाशी फरशीवर बसून मी कापूस दाबून धरला. मी त्यांना धडा शिकवायला निघाले होते. मला स्वतःची अशी शिसारी त्याआधी कधी आली नव्हती.

अंगठ्याला बँडेज बांधून झाल्यावर मी म्हणाले, “मी मिस्त्रीले बोलावते.”

“नको,” बाबा म्हणाले. “माझी छन्नी कुठं आहे वं?”

त्यांची अवजारं जिन्याखाली पोत्यात होती. छन्नी, हातोडा, थापी, ओळंबा, सगळं तेल लावून ठेवलेलं. मी छन्नी-हातोडा आणला. बाबांनी स्टूल दाराजवळ ओढायला लावलं आणि हातोडा डाव्या हातात घेतला. छन्नी मी त्यांच्या उजव्या हातात द्यायला गेले तर बोटं मिटेनात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग छन्नी माझ्यापुढे धरली.

“धर,” ते म्हणाले. “तिरपी. आणि हात हालवू नको.”

मी छन्नी धरली. आयुष्यभर उजव्या हाताने काम केलेल्या माणसाचा डावा हात, त्यात दीड किलोचा हातोडा आणि खाली माझी बोटं. या बोटांवर माझं पोट चालतं. पहिला घाव छन्नीवर अर्धा आणि माझ्या अंगठ्यावर अर्धा बसला. मी ओरडले. बाबा थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “हालवला ना तू.” मला रडायला येत होतं आणि हसायलाही आलं. दुसरा घाव नीट बसला. तिसऱ्यापासून त्यांचा हात ठरला. दर घावाला ते एकेक शब्द बोलत होते. खाली. अजून खाली. दाब. सोड. अर्ध्या तासात पट्टी एका बाजूने सुटली, मग सगळीच निघाली आणि मी ती उचलून अंगणात नेऊन टाकली.

जिथे ती बसली होती तिथे आता एक खडबडीत लांब खाच राहिली होती. ती भरायचं काम मी केलं. किती रेती, किती सिमेंट, पाणी किती, हे बाबा सांगत गेले आणि मी कालवत गेले. त्यांच्या थापीने मी ती खाच भरली, वरून ओल्या फडक्याने पुसली. ते म्हणाले तसं सगळं केलं, तरी मला स्वतःला कळत होतं की मध्ये एके ठिकाणी ते बसकं झालंय. बाबा मान तिरपी करून बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या कुणाच्या कामाला ते कधी चांगलं म्हणाले नव्हते. “बरं आहे,” ते म्हणाले.

चार दिवसांनी बाबा एकटे आत गेले. पाय उचलावा लागला नाही, ओढत नेला तरी चाललं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मी बाहेर खुर्चीवर बसले. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, मग स्टूल सरकल्याचा. बराच वेळ काहीच नाही. मी उठून दाराला हात लावणार तेवढ्यात शॉवर सुरू झाला. आत खाकरल्याचा आवाज आला, चूळ भरल्याचा आला, म्हणजे लकव्याआधी जशी व्हायची तशीच ही आंघोळ होती. मी पुन्हा बसले. तेव्हा दाराखालून, मी भरलेल्या जागेच्या बरोबर मधून, पाण्याची एक जीभ खोलीत आली.

“आलं काय वं बाहेर?” बाबांनी आतून विचारलं.

“नाही,” मी म्हणाले आणि पोछा आणायला धावले.

मग हे रोजचंच झालं. मार्च गेला, एप्रिल गेला, कूलर लागले, बाबा दोन वेळा आंघोळ करायला लागले. दोन्ही वेळा ते आतून विचारायचे, आलं काय वं, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणायची. त्यांची आंघोळ संपायच्या आत मी फरशी कोरडी करायची आणि पोछा मागच्या दारी पिळून वाळत घालायची. ते बाहेर आले की कोरड्या फरशीकडे बघायचे आणि खाटेकडे जायचे. संध्याकाळपर्यंतचा अबोला संपला होता. आता ते नाश्त्यातल्या पोह्यांत मीठ कमी आहे असं बोलून दाखवत आणि मला ते ऐकायला आवडत होतं.

मेमध्ये एका रविवारी मिस्त्री आला. भिवापूरकडे त्याचं गाव, तिथून तो पिशवीभर मिरच्या घेऊन आला होता. चहा झाल्यावर तो बाथरूम बघायला गेला, आणि पट्टी नाही हे बघून दारातच उकिडवा बसला. त्याने माझ्या भरलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग उठून मग्गा भरला आणि फरशीवर ओतला. मी मध्ये काही बोलणार तोवर पाणी बाहेर आलं होतं.

“उस्ताद,” तो ओरडला, “पाणी तं बाहेर येऊन राहिलं जी! हे कोणं भरलं? मधात बसलं आहे ना. घंटाभराचं काम आहे, उद्या येऊन करून देतो.”

मी मिरच्यांची पिशवी हातात धरून उभी होते. इतके महिने मी रोज खोटं बोलले होते, आणि बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

“माईत आहे मले,” बाबा खाटेवरून म्हणाले. “रोज येते. राहू दे.”

“राहू कसं देऊ? लोक म्हणतीन उस्तादच्या घरी...”

“म्हणू दे,” बाबा म्हणाले. “पोरीच्या हातचं आहे ते.”

मिस्त्रीने मग्गा जागेवर ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मिरच्या परातीत ओतल्या आणि देठं काढत बसले. डोळ्यांत पाणी यायला निमित्त तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आत गेले. काठी टेकली, स्टूल सरकलं, शॉवर सुरू झाला.

“आलं काय वं बाहेर?”

मी पोछा हातात घेऊन उभी होते.

“आलं,” मी म्हणाले. “चांगलं वीतभर आलं.”

आत शॉवर बंद झाला.

“मंग पूस,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी शॉवर पुन्हा सुरू केला.